तापली का?

डिसेंबर लागला की गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत सकाळी सव्वासातला एक आवाज ठरलेला असायचा. माझ्या गाडीचा. खाली जायचं, सेल्फ मारायचा, इंजिन सुरू झालं की दार लोटून पुन्हा वर यायचं, दुसरा चहा घ्यायचा, डबा भरायचा आणि दहा-बारा मिनिटांनी जाऊन ‘तापलेल्या’ गाडीत बसायचं. किल्ली गाडीतच. चोराला याहून सोयीची गाडी नाशिकमध्ये नसेल. पण कुणी नेली नाही, बहुधा त्यालाही वाटलं असेल की बाई इथेच कुठेतरी आहेत. बँकेतल्या नोकरीची शेवटची बावीस वर्षं मी हे केलं. निवृत्त झाल्यावर भाजी आणायला जातानाही केलं. गाड्यांतलं मला फार कळतं अशातला भाग नाही. जे कळलं ते उशिरा, आणि बहुतेक वेळा कुणीतरी समोर उभं राहून कळवलं म्हणून.

१. गाडीला थंडी वाजते हा शोध माझा नाही, तो वारशात आला. आजोबा मनमाडला रेल्वेच्या लोको शेडमध्ये होते. वाफेचं इंजिन थंड पडलं असेल तर गाडीच्या वेळेआधी कित्येक तास भट्टी पेटवावी लागे. आधी कोळसा धरायचा, मग पाणी उकळायचं, मग कुठे वाफेचा दाब चढायचा. पहाटेच्या गाडीसाठी माणसं मध्यरात्री कामाला लागत. त्यांच्या लेखी थंड इंजिन म्हणजे नुसतं लोखंड. त्यांचा मुलगा, म्हणजे माझे वडील, अप्पा, सरकारी नोकरीत गेले; पण भट्टी त्यांच्या डोक्यातून गेली नाही. आमच्या घरात बंबातलं पाणी, सायीचं दूध, कोळशाची इस्त्री आणि पुढे दारात आलेली सेकंडहँड फियाट या चौघांची चौकशी सारख्याच शब्दांत व्हायची: तापली का, तापलं का. त्यामुळे मी जेव्हा म्हणते की गाडी तापवायची मला सवय होती, तेव्हा ती माझी एकटीची सवय नसते. तीन पिढ्यांची असते, आणि त्यातल्या दोन पिढ्या बरोबर होत्या.

२. अप्पा चुकत नव्हते, हे आधीच लिहून टाकते. नाहीतर पुढचं सगळं त्यांच्या विरोधात जाईल. त्या काळच्या गाड्यांना कार्बोरेटर असायचा. पेट्रोलची वाफ व्हावी आणि ती हवेत मिसळून इंजिनात जावी, एवढंच त्याचं काम. पण गारठ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, ते नळ्यांच्या आतल्या भिंतींना चिकटून बसतं आणि इंजिनापर्यंत नुसती हवा पोचते. म्हणून चोक. डॅशबोर्डखालची मूठ ओढली की हवेची वाट अरुंद व्हायची, पेट्रोलचं प्रमाण वाढायचं आणि इंजिन कुरकुरत का होईना जागं व्हायचं. मग ते थोडं तापेपर्यंत थांबणं भागच होतं. घाईने गिअर टाकलात तर गाडी दोन आचके देऊन फाटकातच बंद पडायची. आमच्या चोकची मूठ ओढली की हळूहळू आपली आपण आत सरकायची. त्यावर अप्पांनी उपाय काढला होता: आईच्या वाळवणाच्या दोरीवरचा लाकडी चिमटा. मूठ ओढायची आणि दांड्याला चिमटा लावायचा. आई दर आठवड्याला चिमटे मोजायची आणि दर आठवड्याला एक कमी भरायचा. चोक जास्त ओढला गेला तर गाडी ‘ओव्हरफ्लो’ व्हायची, प्लग भिजायचे, पेट्रोलचा वास ओसरीपर्यंत यायचा. मग मी आणि धाकटा भाऊ शाळेच्या कपड्यांत मागून ढकलायचो. त्या चिमट्याची, त्या वासाची आणि ढकलताना तळव्यांना लागणाऱ्या थंडगार पत्र्याची माझ्या मनात जी सांगड बसली, तिला मी पुढे तांत्रिक ज्ञान समजत राहिले.

३. गाडी विकली जाते, सवय विकली जात नाही. माझी पहिली गाडी मारुती ८००. तिलाही चोक होता, त्यामुळे संसार आहे तसा पुढे चालला. मग २००० सालच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, पेट्रोल गाड्यांतून कार्बोरेटर गेला आणि त्याच्या जागी आलं इंजेक्शन. पुढची गाडी घेतली तेव्हा डॅशबोर्डखाली हात घातला, तर मूठच नाही. शोरूममधला मुलगा म्हणाला, “मॅडम, आता सगळं कॉम्प्युटर बघतो.” मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून चोक नसलेली गाडी चोक असल्यासारखी तापवू लागले. खरं तर त्या मुलाने एका वाक्यात सगळं सांगितलं होतं. इंजिनातलं पाणी किती थंड आहे हे सेन्सर मोजतो, कॉम्प्युटर त्या हिशेबाने पेट्रोल वाढवतो आणि तापमान चढेल तसं कमी करतो. अप्पांचा डोळा, कान, डावा हात आणि आईचा चिमटा, सगळं एका डबीत बसवलेलं. थंडीत सुरू केल्यावर ती गाडी पहिलं मिनिटभर जरा चढ्या आवाजात चालायची आणि मग शांत व्हायची. तो चढा आवाज मला दाद दिल्यासारखा वाटायचा. बघा, माझं ऐकतेय. ती माझं ऐकत नव्हती, तिचं तिचं काम करत होती.

४. खरा सेन्सर शेजारी असतो. आमच्या तळमजल्यावर एक काका राहायला आले. वय पंचाहत्तरीच्या पुढे, आयुष्य सातपूरच्या मायकोत गेलेलं. आता कंपनीचं नाव बॉश झालं, पण नाशिककर अजून मायकोच म्हणतात आणि चौकालाही मायको सर्कलच म्हणतात. त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी नेमकी माझ्या गाडीच्या सायलेन्सरसमोर. तीन हिवाळे ते काही बोलले नाहीत. चौथ्या वर्षी जानेवारीत मी भाजीची पिशवी घेऊन खाली आले, तर काका कानटोपी घालून, हातात चहाचा कप धरून गाडीशेजारी उभे.

“ताई, एक विचारू? गाडीला बरं नाही का?”

“नाही हो काका, तापवतेय.”

“कशासाठी?”

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. “म्हणजे... थंडी आहे ना,” असं काहीतरी मी म्हणाले, आणि माझं मलाच ते बाळाला स्वेटर घालण्याच्या सुरातलं वाटलं. काकांनी बॉनेट उघडायला लावलं. रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या जाड रबरी पाइपवर माझा हात ठेवायला सांगितला. पाइप थंड. दहा मिनिटं इंजिन सुरू होतं, आणि पाइप थंड.

“आतला थर्मोस्टॅट अजून उघडलेलाच नाही,” ते म्हणाले. “ऐंशीच्या वर गेल्याशिवाय तो उघडत नाही. जागेवर उभ्या इंजिनावर ओझंच नसतं, ते तापेल कशाने? तुम्ही मैदानात नुसत्या उभ्या राहिलात तर घाम येईल का? चार पावलं चालावं लागतं.” मग जरा थांबून, “आणि ताई, माझी खिडकी तेवढी...” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. या अर्ध्या वाक्याने मला पाइपपेक्षा जास्त शिकवलं. तीन हिवाळे हा माणूस खिडकी लावून झोपत होता आणि मी वर दुसरा चहा पीत होते.

५. मी ऐकून घेणाऱ्यांतली असले तरी मानणाऱ्यांतली नाही. बँकेत होते, खात्री केल्याशिवाय सही करत नाही. माझ्या आताच्या गाडीत इंजिन थंड असेपर्यंत निळा दिवा लागतो, थर्मामीटरसारखं चित्र असलेला. तापमान पुरेसं चढलं की तो विझतो. मी दोन सकाळी प्रयोग केला. पहिल्या दिवशी गाडी जागेवर सुरू ठेवून मोबाइलचं घड्याळ लावलं. निळा दिवा विझायला सहा मिनिटं गेली, आणि एवढा वेळ एका दिव्याकडे टक लावून बसलेल्या बाईला वॉचमनने दोनदा “काही प्रॉब्लेम आहे का मॅडम” विचारलं. दुसऱ्या दिवशी तेवढीच थंडी, तीच वेळ. गाडी सुरू केली, पट्टा लावला, चष्मा पुसला आणि निघाले. जेहान सर्कल यायच्या आत दिवा विझला. घड्याळात अडीच मिनिटंही नव्हती. परत येऊन काकांना सांगितलं. ते म्हणाले, “मग?” शोध लावल्याचा आनंद ज्याला ते आधीच माहीत आहे त्याला सांगायला जाऊ नये.

६. सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. मी ज्याला काळजी समजत होते, तो छळ होता. निवृत्तीनंतर माझ्या फेऱ्या आखूड झाल्या: कॉलेज रोड, भाजी, बँकेत पासबुक भरणं, फार तर सोमेश्वर. आणि प्रत्येक फेरीआधी दहा मिनिटांची शेकोटी. सर्व्हिसिंगला गाडी नेली तेव्हा मिस्त्रीने ऑइलची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवली, आणि पट्टी नाकाशी नेऊन हुंगली. मी पण हुंगली. पेट्रोलचा वास. “ताई, ऑइल वाढलंय,” तो म्हणाला. ऑइल कमी होतं हे मी ऐकून होते, वाढतं हे पहिल्यांदाच. त्याने समजावलं ते असं: थंड इंजिनाला कॉम्प्युटर पेट्रोल जास्त देतो. ते सगळं जळत नाही. उरलेलं सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा पातळ थर धुवून काढतं आणि पिस्टनच्या कडेने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. इंजिन नीट तापलं, लांब चाललं, तर ते पुन्हा उडून जातं. मी गाडीला लांब नेतच नव्हते. थंड इंजिन जितका वेळ थंड राहील तितकी ही धुलाई चालणार, आणि मी तर त्याला थंडच राहता येईल अशी सोय रोज करून देत होते. पट्टी मिस्त्रीच्या हातात होती, तिच्यावरून काळसर पातळ थेंब ओघळून त्याच्या बोटावर आला, आणि त्याने तो दोन बोटांत चोळून मला दाखवला. “बघा, चिकटपणाच नाही.” तूप आणि पाण्यात जो फरक, तो मला त्या दोन बोटांत दिसला.

७. नाशिकच्या बाईने खोबरेल तेलावरून इंजिन ऑइलची परीक्षा करू नये. डिसेंबरात न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली पांढरी गोठते, उन्हात ठेवावी लागते, नाहीतर गरम पाण्याच्या तांब्यात. माझी पक्की समजूत होती की रात्रभरात इंजिनातही तसंच होत असणार, आत पांढरा गोळा बसलेला असणार. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखालीच थिजू लागतं. इंजिन ऑइलला गोठायला आपली नाशिकची थंडी म्हणजे उन्हाळा. मिस्त्रीने डब्यावरचे आकडे वाचून दाखवले. ५ डब्ल्यू ३० मधलं डब्ल्यू म्हणजे ‘विंटर’. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितकं ते थंडीत पातळ राहतं आणि लवकर धावतं. सेल्फ मारल्यावर काही सेकंदांत ते वरपर्यंत पोचतं, डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझतो तो त्यामुळेच. मी मात्र वर्षानुवर्षं आधीच्या गॅरेजवाल्याला “जरा जाड ऑइल घाला हो, टिकतं” असं सांगत आले होते. जाड म्हणजे भारी, हे गणित मला साड्यांवरून आलं असावं.

८. आपली थंडी किती थंड, हे बाहेरच्याला विचारावं. हिवाळ्यात आम्ही नाशिककर तापमानाचे आकडे सोन्याच्या भावासारखे वाचतो. निफाडचा तर दबदबा आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरला की दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर. डिसेंबर २०१८ मध्ये तो दोन अंशांच्या आसपास आला होता, तेव्हा आम्ही जणू काहीतरी कमावल्यासारखे वागत होतो. भावाची मुलगी कॅनडात एडमंटनला असते. तिला फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितलं, “अगं, आज आठवर आलंय.” ती म्हणाली, “उणे का आत्या?” मी म्हटलं, “नाही, अधिक.” पलीकडे क्षणभर शांतता. त्यांच्याकडे पारा उणे तीसपर्यंत उतरतो. तिथल्या गाड्यांच्या तोंडातून एक वायर लोंबत असते. रात्री ती घराच्या प्लगला जोडायची, म्हणजे इंजिनातला हीटर ते उबेत ठेवतो. गाड्या लावायच्या जागांनाही त्यासाठी प्लग असतात. आणि एवढं असूनसुद्धा, ती म्हणते, सकाळी वायर काढायची, काचेवरचा बर्फ खरवडायचा, समोरचं नीट दिसायला लागलं की हळूहळू निघायचं. दहा मिनिटं चहा पीत बसत नाहीत. जर्मनीत तर गाडी विनाकारण जागेवर चालू ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. माझा कॅनडा म्हणजे आमच्या नाशिकचा कॅनडा कॉर्नर, आणि तिथली थंडी मी सांगू नये.

९. गाडी म्हणजे नुसतं इंजिन नव्हे, हे कळायला मला साठी ओलांडावी लागली. दहा मिनिटं जागेवर चालू ठेवून फार तर इंजिनातलं पाणी कोमट होतं. ऑइल त्याच्या मागून रेंगाळत येतं. गिअरबॉक्स, चाकांचे बेअरिंग, टायर, शॉकअब्झॉर्बर यांना तर पत्ताच नसतो की मालकीणबाईंनी काही सुरू केलंय; ते चालल्यावरच तापतात. आणि मी काय करायचे? दहा मिनिटं ‘तापवल्यावर’ सगळं झालं असं समजून, उशीर भरून काढायला अशोकस्तंभाकडे सुसाट. मुंबईला निघालो असलो तर पाथर्डी फाट्याच्या आधीच ऐंशी. पहिले दोन-तीन किलोमीटर पाय हलका ठेवणं, इंजिनाला ओरडायला न लावणं, हेच खरं तापवणं होतं. तेवढं सोडून मी बाकी सगळं करत होते.

१०. हिशोब मी शेवटी केला, आणि बँकेतल्या बाईने तो शेवटी करावा याची लाज वाटते. छोट्या पेट्रोल गाडीचं जागेवर दहा मिनिटांत साधारण शंभर-सव्वाशे मिली पेट्रोल जातं. हिवाळ्याचे नव्वद दिवस धरले तर दहा-अकरा लिटर. गुणिले बावीस. दोनशे लिटरचा पिंप भरून वर उरेल एवढं पेट्रोल मी काकांच्या खिडकीत, आणि ते येण्याआधी रिकाम्या फ्लॅटच्या खिडकीत, ओतलं.

११. यात पेट्रोलपेक्षा वाईट एक गोष्ट आहे, ती मला आकड्यांत सांगता येत नाही. सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा जो भाग असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तो अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. म्हणजे इंजिन सुरू केल्यानंतरची पहिली काही मिनिटं गाडी सर्वात घाण धूर सोडते, आणि जागेवर ठेवली तर तो भाग तापायलाही उशीर. आमच्या पार्किंगमध्ये सव्वासातला स्वेटर घातलेली चार-पाच मुलं शाळेच्या बसची वाट बघत उभी असतात. माझ्या गाडीमागे ती बऱ्याचदा मुद्दाम उभी राहायची, कारण तिथे हवा जरा गरम असायची. मी वरून खिडकीतून ते बघायचे आणि मला ते गोड वाटायचं.

ज्यांच्या घराला शटरचं गॅरेज आहे त्यांनी तर शटर बंद ठेवून इंजिन क्षणभरही चालू ठेवू नये. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग, ना वास. यावर गंमत करता येत नाही.

१२. नियम सापडला म्हणून तो सगळ्यांना लावत सुटू नये. माझे दीर निफाडजवळ द्राक्षं करतात. नव्या ज्ञानाच्या भरात मी त्यांच्या जुन्या डिझेल पिकअपसमोर उभी राहून भाषण सुरू केलं. ते म्हणाले, “वहिनी, आधी हीटर तर विझू द्या.” डिझेलला ठिणगी नसते, हवा दाबून तापवून त्यात डिझेल फवारायचं, थंडीत ती हवा पुरेशी तापत नाही म्हणून हीटर प्लग. किल्ली अर्धी फिरवली की डॅशबोर्डवर वेटोळ्याचं चित्र लागतं, ते विझेपर्यंत थांबावं लागतं. काही सेकंदांचं काम, पण ते टाळून चालत नाही. टर्बो असलेल्या गाडीला तर उलट शेवटी थांबावं लागतं. वणीचा घाट दमछाक करत चढून वर आलात की लगेच किल्ली काढायची नाही, मिनिटभर जागेवर चालू ठेवायची, म्हणजे तापून लाल झालेल्या टर्बोला ऑइल मिळत राहतं. एवढी वर्षं मी सुरुवातीला दहा मिनिटं थांबले, आणि जिथे शेवटी एक मिनिट थांबायचं तिथे दर्शनाच्या घाईत कधीच थांबले नाही. तो टर्बो नवऱ्याच्या गाडीचा होता, हा वेगळा विषय.

१३. दिरांचं आणखी एक वाक्य माझ्या मनात राहिलंय. पारा चार-पाचवर आला की ते रात्री दोन-तीनला उठून बागेत जातात. द्राक्षांच्या ओळींमध्ये ओल्या पालापाचोळ्याच्या शेकोट्या पेटवायच्या, म्हणजे धुराचं पांघरूण बागेवर बसतं. ठिबक चालू करायचं, विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. नाहीतर तयार झालेले मणी तडकतात आणि वर्षाचं उत्पन्न जातं. एकदा मुक्कामाला होते तेव्हा पहाटे त्यांच्याबरोबर बागेत गेले. डोळ्यांतून धुराने पाणी येत होतं, पाय चिखलात, आणि ते हातातल्या थर्मामीटरवर टॉर्च मारून वाकून आकडा बघत होते. मी विचारलं, गाडीला कधी तापवता का थंडीत? ते थर्मामीटरवरून नजर न काढता म्हणाले, “ज्याला थंडी लागते त्याला तापवतोय ना, वहिनी.”

१४. आता मी सेल्फ मारते, पट्टा लावते, आरशात बघते, काचेवरचं दव वायपरने सारते. अर्धा मिनिट, त्यातही निम्मा वेळ चष्मा शोधण्यात. आणि निघते. काकांची खिडकी या हिवाळ्यात उघडी दिसली. त्यांनी त्याबद्दल काही म्हटलं नाही, मीही काही विचारलं नाही. फक्त दुसरा चहा हल्ली शांतपणे बसून घेते, त्याला निमित्त लागत नाही.

१५. एकाच प्रवाशाला हे अजून पटलेलं नाही. अप्पा आता नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. डोळ्यांनी फारसं दिसत नाही, ऐकायला मात्र येतं, नको तेसुद्धा. जानेवारीत सकाळी त्यांना डॉक्टरकडे नेत होते. शेजारी बसवलं, मांडीवर शाल टाकली, गाडी सुरू केली आणि लगेच फाटकाबाहेर काढली. अप्पांनी हँडल घट्ट धरलं. आचका बसेल, गाडी बंद पडेल, मागून कुणाला तरी ढकलावं लागेल, अशा तयारीने. काही झालं नाही. मी हळू चालवत होते. निळा दिवा अजून लागलेलाच होता, तो त्यांना दिसत नव्हता आणि दिसला असता तरी त्यांना त्याचा अर्थ कळला नसता. मॅरेथॉन चौक यायच्या जरा आधी त्यांनी हँडल सोडलं, शाल नीट केली आणि म्हणाले, “आता तापली.”

मी डॅशबोर्डकडे बघितलं. दिवा अजून लागलेला होता. सिग्नलला गाडी उभी राहिली, आणि मग तो विझला.